लाल फुलीची गिटार

मुलीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला तो हातात नापास गिटार घेऊन. नापास म्हणजे कारखान्यातच नापास झालेली. ना तारा, ना रंग, ना पॉलिश. नुसतं लाकडी खोकं, त्याला मान, आणि पाठीवर लाल पेन्सिलीने मारलेली भली मोठी फुली. मुलगा त्याच कारखान्यात चिकटकामावर होता. "काका, तुम्हाला आता वेळ असतो ना," तो भीतभीत म्हणाला, "माझ्या बाबांनी दिलीय. पूर्ण करायला तुम्हाला आवडेल म्हणाले."

मुलीचे वडील वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. सगळा बाजार त्यांना काटासाहेब म्हणायचा. उभा जन्म दुसऱ्यांच्या तराजूतल्या लबाड्या पकडण्यात गेलेला, त्यामुळे घरातसुद्धा दुधाची पिशवी आधी काट्यावर बसायची आणि मग पातेल्यात जायची. अशा माणसाच्या हातात फुली मारलेली वस्तू द्यायची म्हणजे आता काय बोलावं!

"फुली कशाबद्दल?" काटासाहेबांनी विचारलं.

"ते तपासणीवाले सांगत नाहीत, काका. फुली मारतात आणि पुढची उचलतात."

"ठीक आहे. मी शोधतो. आणि दोष चिकटकामातला निघाला, तर तुमचं काम कसं असतं ते मला कळलं. मग लग्नाचं बोलू."

मुलीचा चेहरा खाडकन उतरला. तिची आई म्हणाली, "अहो, तिला लग्न त्याच्याशी करायचंय, गिटारशी नाही." पण काटासाहेब तोवर चष्मा पुसायला लागले होते.

शोध सुरू झाला आणि दोष काही सापडेना. त्यांनी पोलादी पट्टीने मान मोजली, दोरा ताणून ती सरळ आहे का पाहिलं. गिटार काट्यावर ठेवून वजन घेतलं, आणि गिटारचं वजन किती असायला हवं हे ठाऊक नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. जागोजागी टिचक्या मारून कान लावला.

"काय म्हणतेय?" बायकोने विचारलं.

"काही कबूल करत नाही."

लाकूड आतून ओलं राहिलं असेल, अशी त्यांना शंका आली. मग काय, गिटार रोज गॅलरीत कडक उन्हात पडायला लागली. संध्याकाळी ते फुली तेवढी सोडून तिला पॉलिश पेपरने घासत बसायचे. चहात भुसा, उशीवर भुसा. घासता घासता त्यांचा तिच्यावर जीव जडला. कुणी नाही असं बघून ते तिला मांडीवर घ्यायचे आणि तार नसलेल्या मानेवरून बोटं फिरवायचे. हे घरात कुणाला कळलं नाही. म्हणजे बायकोला कळलं होतं, पण तिने तसं दाखवलं नाही.

मुलाचे आईवडील भेटायला येणार, त्या दुपारी काटासाहेबांनी शेवटचा प्रयत्न म्हणून बॅटरी आणि बायकोचा छोटा आरसा गिटारच्या भोकातून आत घातला. आणि दिसली! आतल्या आधाराच्या पट्टीखाली केसाएवढी फट. सांधा सुटलेला. म्हणजे चिकटकाम. म्हणजे तोच मुलगा!

ते आनंदाने ओरडणार, इतक्यात मुलगी दारात आली. तिच्या हातात पाहुण्यांसाठी काढलेला कप होता आणि कोरडा असूनही ती तो पुसत होती.

"बाबा, सापडलं का काही?"

ती श्वास धरून उभी होती. लहानपणी प्रगतिपुस्तक पुढे करताना ती अशीच उभी राहायची.

"नाही गं," ते म्हणाले. "चांगली आहे."

झालं. उभ्या जन्मात पहिल्यांदा काटासाहेबांनी खोटा निकाल दिला. आणि खोटं बोललं की ते निस्तरावंही लागतं. कुणाच्या नजरेला पडायच्या आत ती फट बुजवायला हवी होती. त्यांनी दार लोटलं, झटपट गोंदाची नळी भोकातून आत नेऊन पिळली आणि पट्टी दोन बोटांनी दाबून धरली. नळीवर लिहिलं होतं, 'क्षणात चिकटतो.' मालावरच्या लेबलावर कधी विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला खरं बोलणारं लेबल भेटावं ते नेमकं त्याच दिवशी.

घंटी वाजली. बायको धावत आत आली. "अहो, आले ते! उठा! आणि हे काय?"

"चिकटलोय."

"अगंबाई! पण आत हात घालायची गरज काय होती?"

ते सांगता येत नव्हतं, तिथेच तर सगळी पंचाईत होती. शेवटी पाहुणे आत आले तेव्हा काटासाहेब सोफ्यावर, गिटार मांडीत, उजवा हात मनगटापर्यंत भोकात, आणि चेहऱ्यावर मैफलीचा भाव. नमस्कार त्यांनी डाव्या हातानेच उरकला.

"अय्या, तुम्ही वाजवता?" मुलाची आई खूश झाली. "आमच्या ह्याने बोलून नाही दाखवलं कधी! पण तारा दिसत नाहीत?"

"सुरुवातीला... तारांशिवायच शिकतात," काटासाहेब म्हणाले.

"शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून," बायकोने टेकू दिला.

"वाजवून दाखवा ना थोडंसं!"

काटासाहेबांनी डाव्या हाताने गिटारवर दोनदा टकटक केलं. मुलाच्या आईने मान डोलावली. मुलगी तोंडाला पदर नव्हता म्हणून ट्रेच लावून स्वयंपाकघरात पळाली.

मुलाचे वडील मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले होते. बारीक अंगाचे, जाड भिंगाचे गृहस्थ. चहा समोर निवत होता आणि त्यांची नजर गिटारवरून हलत नव्हती.

"हिच्या पाठीवरची फुली माझ्या हातची," ते एकदम म्हणाले. "मी कारखान्यात तपासणीलाच होतो."

काटासाहेबांनी गिटार पोटाशी घट्ट धरली. या माणसाला फट ठाऊक असणार! "म्हणजे... दोष तुम्हाला माहीत असेल."

"दोष नव्हता."

"बाबा!" मुलगा उडालाच.

"गप रे. साहेब, हा म्हणाला, मुलीच्या वडिलांना दोष शोधल्याशिवाय चैन पडत नाही. म्हटलं, यांना शोधायला काहीतरी दिलेलं बरं, नाहीतर तुझ्यातच शोधत बसतील. अर्धवट पण उत्तम गिटार विकत आणली आणि घरी बसून फुली मारली. नोकरीत कधी खोटी फुली मारली नाही हो. ही एकच."

"मग फट कुठून आली?" काटासाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"कुठली फट?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मुलाच्या वडिलांनी बॅटरी घेतली, आरसा घेतला, आत डोकावले. "उन्हात ठेवली होती का?"

"रोज," बायको म्हणाली. "गादीला दाखवावं तशी."

"मग सांधा सुटणारच. आणि तुम्ही तो बुजवत होतात? याचं काम समजून? कुणाला दिसू नये म्हणून?"

काटासाहेब मोकळ्या हाताने गिटारवरचा भुसा उगीच झटकायला लागले. मुलीला सगळं उमगलं. तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी हसूही आवरेना.

"आम्ही मुलीचा हात मागायला आलो होतो," मुलाचे वडील उठत म्हणाले. "चला, आधी वडिलांचा सोडवू."

मुलीने नेलपॉलिश काढायची बाटली आणली. कापसाचे बोळे भिजवून आत सोडले. मुलगा गुडघ्यांवर बसून गिटार घट्ट धरून होता; हसत नव्हता, "काका, दुखलं तर सांगा" एवढंच म्हणत होता. बऱ्याच वेळाने एक बोट सुटलं, मग दुसरं. पट्टी मात्र जी बसली होती ती कायमची, वेडीवाकडी.

मुलाच्या वडिलांनी खिशातून लाल पेन्सिलीचा तुकडा काढून पुढे केला. "घ्या. आता निकाल तुमचा."

काटासाहेबांनी पेन्सिल घेतली, चष्मा पुसला आणि आधी मुलाकडे पाहिलं. "हा पास."

मग गिटार उलटी करून त्यांनी जुनी फुली पुन्हा ठसठशीत गिरवली.

"आणि ही नापास? का हो, व्याही?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"चिकटकाम खराब आहे," काटासाहेब म्हणाले. "पण कामगार नवीन होता. त्याला आणखी एक गिटार आणून द्या."