खुर्ची क्रमांक चौदा उठत नाही

टाळ्या वाजवण्यासाठी माणसाने उभं राहण्याची शारीरिक गरज नाही, कारण टाळी हातांनी वाजते आणि हात बसलेल्या माणसालाही असतात. तरीही सुसंस्कृत समाज उभा राहतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, सरोवराकाठी वसलेल्या हॅल्वर बे गावातला समाज तर इतका सुसंस्कृत आहे, की तिथल्या नाट्यगृहात गेल्या बावीस वर्षांत उभं राहून दाद न मिळालेलं एकही नाटक नाही. नायकाचा आवाज बसल्यामुळे ज्याचे संवाद दिवे लावणाऱ्या गृहस्थांनी शिडीवरून वाचून दाखवले, त्या नाटकालाही ती मिळाली. मध्यंतरानंतर चुकून पुन्हा पहिलाच अंक झाला, त्या प्रयोगालाही मिळाली. (दुसरा अंक जास्त रंगला, असं काही जाणकारांचं मत पडलं.)

ही सगळी नाटकं लायल स्कोग्लुंड यांनी बसवली. दिग्दर्शन हा त्यांचा जन्मजात आजार. सातव्या वर्षी चर्चमधल्या नाताळच्या नाटकात ते तिसरे मेंढपाळ होते आणि ऐन प्रयोगात त्यांनी पहिल्या दोघांना खांद्याला धरून जरा डावीकडे सरकवलं. पुढे ते लॉस एंजेलिसला गेले. अकरा वर्षांत त्यांनी जनावरांच्या डॉक्टरवरच्या मालिकेचे चाळीस भाग आणि तीन चित्रपट केले. पहिला झपाटलेल्या गवतकापणी यंत्राचा. दुसरा गोठलेल्या तळ्यावरच्या प्रेमाचा. तिसरा कशाबद्दल होता हे निर्मात्यालाही आता आठवत नाही. तिन्ही वेळा लायल पहिल्या खेळाला मागच्या रांगेत बसले, आणि तिन्ही वेळा पडद्यावर शेवटी त्यांचं नाव आलं तेव्हा प्रेक्षक पाठ फिरवून दाराकडे निघालेले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी सामान बांधलं आणि गावी परतले. नाटकात लोक उठतात ते निदान तोंड रंगमंचाकडे करून उठतात, एवढं त्यांना पुरेसं होतं.

गावात उठणं गांभीर्याने घेतलं जाई. नाट्यगृहाच्या विश्वस्तांनी त्यासाठी एक उपसमिती नेमली होती. तिचे अध्यक्ष डॉ. मर्ल ओस्टबी पेशाने दंतवैद्य होते, त्यामुळे लोक खुर्चीतून किती घाईने उठतात याचा त्यांना अनुभव होता. हातात घड्याळ घेऊन त्यांनी जमवलेली माहिती अशी:

पडदा पडू लागल्यापासून उभं राहायला प्रेक्षकांना उन्हाळ्यात सरासरी नऊ सेकंद लागतात, हिवाळ्यात तीन. पारा उणे वीसच्या खाली गेला, तर पडदा हलायच्या आतच लोक उठतात. सबब थंडीत माणसाची कलेची जाण तीक्ष्ण होते. हिवाळ्यात टाळ्यांचा आवाज मऊ येतो. (हातमोजे.) सबब खोल दाद संयमी असते. मधल्या रांगांपेक्षा दारालगतच्या रांगा अधिक रसिक असतात. याचं कारण अद्याप समजलेलं नाही.

हा अहवाल लायलना पाठ होता. त्यातली एकच ओळ त्यांना खुपायची. बावीस वर्षांच्या प्रत्येक नाटकापुढे डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘यशस्वी (एक वगळता)’.

ती एक म्हणजे आर्डिस क्नुटसन. तिसरी रांग, खुर्ची क्रमांक चौदा, दर नाटकाचा शेवटच्या रविवारचा दुपारचा प्रयोग. चौतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. आता वय त्र्याऐंशी. गुडघे ठणठणीत. (हे लायलनी चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत स्वतः तपासलं. बाईंनी वाकून टेबलाखालचा चमचा उचलला आणि त्यांना म्हणाल्या, “लायल, तू माझ्या पायांकडे काय बघतोस रे?”)

पहिल्यांदा त्या बसून राहिल्या तो दिवस लायलना लख्ख आठवे. साधंसं नाटक होतं. दोन खुर्च्या, एक म्हातारा, एक म्हातारी, बटाट्यांची बादली. दोघं बटाटे सोलतात आणि बोलतात, संपलं. प्रयोगानंतर दोनशे अकरा माणसं उभी राहिली आणि आर्डिसबाई मांडीवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. साध्या नाटकाने या बाई हलत नाहीत, एवढा धडा लायलनी त्या दिवशी घेतला आणि पुन्हा म्हणून बटाट्याला हात लावला नाही.

पुढची बावीस वर्षं त्यांनी एकाच खुर्चीसाठी दिग्दर्शन केलं, असं म्हणायला काही हरकत नाही. त्यांनी रंगमंचावर खरा घोडा आणला. छतातून बर्फ पाडला (बाहेर चार फूट असताना). एका नाटकात आईला मारलं, पुढच्यात आई आणि कुत्रा. बाई डोळे पुसत बसून राहिल्या. शेवटी एका डॅनिश शोकांतिकेच्या शेवटी त्यांनी काही कारण नसताना अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. आर्डिसबाई ताडकन उठल्या, छातीवर हात ठेवून ताठ उभ्या राहिल्या, गीत संपलं आणि पुन्हा खाली बसल्या. उपसमितीने हे उठणं धरलं नाही.

“अरे, त्या म्हातारीचा नाद सोड की!” डोरीन पेल्टो म्हणायची. डोरीन रंगमंचाची व्यवस्था बघे आणि वीस वर्षं लायलचं डोकंही तीच ठिकाणावर ठेवे. “दोनशे अकरा लोक उठतात, त्यांचं काय?”

“ते काय, कशालाही उठतात.”

“मग उठण्याची किंमत काय उरली?”

“तेच तर! ती उठली तर किंमत येईल!”

यावर डोरीनने कॉफी ओतली आणि ती खिळे मोजायला गेली. बिनतोड तर्काशी वाद घालू नये, हे ती वीस वर्षांत शिकली होती.

एकाहत्तराव्या वर्षी लायलनी निवृत्ती जाहीर केली. नाट्यगृहाच्या दालनात एक पितळी पाटी लावण्याचा नियम आहे. ती फक्त ‘संपूर्ण यशस्वी’ नाटकाच्या दिग्दर्शकाला मिळते. आजवर ती लायलच्या आधीच्या एकाच दिग्दर्शकाला मिळाली होती. (त्यांच्या नाटकाला सहा प्रेक्षक होते, सहाही सासुरवाडीचे.) आता लायलना शेवटची संधी होती आणि त्यांनी हात राखला नाही. एक राजा, तीन तास चाळीस मिनिटं, घोडा, बर्फ, आई, कुत्रा, बेचाळीस जणांचा गायकवृंद. राजा तीनदा मरतो. तालमीत डोरीन म्हणाली, “एकदाच मेला तर?” लायल म्हणाले, “एकदा मेलेले त्यांनी पुष्कळ पाहिलेत.”

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, दुपारचा प्रयोग, उणे चोवीस. लायल मागच्या रांगेत उभे होते आणि नाटकाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिसऱ्या रांगेतल्या एका पांढऱ्या लोकरी टोपीकडे बघत होते. राजा दुसऱ्यांदा मेला, टोपी हलली नाही. राजा तिसऱ्यांदा कोसळला, घोडा शिंकला, गायकवृंदाने सूर लावला आणि चौदा नंबरची खुर्ची खटकन मिटली.

आर्डिसबाई उभ्या होत्या. सगळ्यांच्या आधी!

लायल रडले, चांगले हुंदके देऊन रडले. डॉ. ओस्टबींनी घड्याळ थांबवलं आणि ‘संपूर्ण यशस्वी’ असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली. विश्वस्तांनी पाटी आधीच करवून ठेवली होती (दर वर्षी करवत, दर वर्षी वितळवत). ती लायलच्या हाती देतात न देतात तोच ते अंगात कोट न घालता बाहेर पळाले. बाईंचे आभार मानल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

बाई वाहनतळावर आपल्या गाडीची काच खरवडत होत्या. त्यांच्या मागे दोनशे अकरा रसिक एकमेकांना कोपरं मारत आपापल्या गाड्यांकडे धावत होते.

“आर्डिसबाई! तुम्ही उठलात!”

“बघितलंस होय तू? मला मेलीला वाटलं, अंधारात कुणाला दिसणार नाही.” बाईंचा चेहरा पडला. “रागावू नकोस हं, लायल.”

“रागावू कशाला? बावीस वर्षं वाट बघतोय मी या क्षणाची!”

आर्डिसबाई खरवडायच्या थांबल्या. “कशाची?”

“तुम्ही उठण्याची! नाटक आवडलं की सगळे उठतात, तुम्ही तेवढ्या कधी...”

“अरे देवा! आवडलं म्हणून उठतात?” बाईंनी वाहनतळाच्या फाटकाकडे हात केला. “बघ की जरा तिकडे! फाटक एकच आहे. जो आधी उठतो तो आधी बाहेर पडतो. चौतीस वर्षं बस चालवली मी, हे मला सांगायला नको.”

लायलनी पाहिलं. डॉ. ओस्टबी हातातलं घड्याळ सांभाळत आपली गाडी मागे घेत होते आणि जोरजोरात भोंगा वाजवत होते.

“आणि तुम्ही... बसून का राहायचात?”

“आवडायचं म्हणून. लगेच उठवत नाही मला. ते बटाट्यांचं नाटक आठवतं? झाडूवाला दिवे घालवून गेला तरी मी बसलेली. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, आपण असेच बोलतो रे. तो हसला. पुढच्या वर्षी गेला तो.” त्या पुन्हा काच खरवडू लागल्या. “बाकीची काही मला कळली नाहीत. पण घोडा गुणी होता, त्याच्यासाठी बसले. आज मात्र राजा तिसऱ्यांदा मरायला लागला आणि म्हटलं, जाऊ दे बाई, आज आपणही गर्दीच्या आधी निघू.”

उणे चोवीसमध्ये माणूस बिनकोटाचा फार वेळ उभा राहू शकत नाही. लायल राहिले. हातात पाटी होती, तिच्यावर त्यांचं नाव होतं आणि ते मनात हिशेब करत होते, की बावीस वर्षं ही बाई दर नाटकाला त्यांना पावती देत होती आणि ते ती अपमान समजून घरी नेत होते.

“मग मी एवढी वर्षं काय केलं?” ते म्हणाले.

“खूप बर्फ पाडलास,” बाई म्हणाल्या. “आत जा आता, मरशील. आणि तू एकदाच मरशील हं.”

मार्चमध्ये लायलनी विश्वस्तांकडे आणखी एका प्रयोगाची परवानगी मागितली. दोन खुर्च्या, एक म्हातारा, एक म्हातारी, बटाट्यांची बादली. पडदा पडला तशी दोनशे दहा माणसं हातमोजे चढवत उभी राहिली. तिसऱ्या रांगेत पांढरी टोपी जागची हलली नाही. तिच्या शेजारच्या, पंधरा नंबरच्या खुर्चीतले गृहस्थही उठले नाहीत. डॉ. ओस्टबींनी जाता जाता नोंद केली: ‘अंशतः यशस्वी (दोन वगळता)’. लायलच्या कारकिर्दीतली ही सर्वांत वाईट नोंद आहे.

झाडूवाल्याने दिवे घालवले तेव्हा दोघं बाहेर आले. वाहनतळावर एकच गाडी उरली होती आणि फाटक सताड उघडं होतं. काचेवर बोटभर बर्फ बसला होता आणि बाईंची खरवडणी घरी राहिली होती. लायलनी कोटातून पितळी पाटी काढली आणि काच साफ करायला घेतली. धार छान लागते, असं त्यांचं प्रामाणिक मत पडलं.

उपसमितीने आपला अभ्यास आता वाचनालयापर्यंत वाढवला आहे. पहिल्या पाहणीनुसार शंभरातले ब्याऐंशी वाचक शेवटचा परिच्छेद आला की पुढे किती उरलंय ते मोजतात, चष्म्याची डबी चाचपतात आणि मान डोलावून ‘छान आहे’ म्हणतात. आपण आत्ता म्हणालात, तसंच. सावकाश उठा, फाटक एकच आहे.