अनुक्रमांक त्रेचाळीस

उजागरेकाकांच्या घरात पंख्यांना नंबर होते. नळांनाही होते. पडद्याच्या दांडीला, खिडकीच्या कडीखाली, न्हाणीघरातल्या आरशाच्या कोपऱ्यात, जिथे जागा मिळेल तिथे पांढऱ्या ऑइलपेंटने बारीक अक्षरांत लिहिलेलं: उ/९, उ/१७, उ/३१. नोएडातला त्यांचा फ्लॅट भाड्याने घ्यायचा म्हणून आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो, तेव्हा विनय, म्हणजे माझा नवरा, माझ्या कानाशी लागून म्हणाला, "यार, हे घर आहे की पोलिसांचा मालखाना?"

मला मात्र ते नंबर बघून हायसं वाटलं. आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला घरमालकाने किल्ली दिली तेव्हा घरात बल्ब सोडाच, बल्बचे होल्डरसुद्धा नव्हते. नळ काढून तिथे लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या. दारावरची घंटी उपटून नेलेली, आणि अंगणातली जाई मुळासकट गायब. तेव्हापासून मी घर बघायला गेले की आधी नळ मोजायची. जो माणूस नळाला नंबर घालतो तो नळ पळवणार नाही, असा माझा साधा हिशोब होता आणि तो शंभर टक्के बरोबर निघाला.

काका मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. दिल्लीतल्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये काढलेली. क्वार्टर सोडताना डागडुजीच्या ऑफिसातला माणूस येतो, पंखे मोजतो, नळ हलवून बघतो, यादीवर सही घेतो आणि मगच तुमची सुटका होते. प्रमोशन मिळेल तसतशी काकांनी पाच क्वार्टर्स बदलली आणि पाचही वेळा त्या माणसाला एक खिळासुद्धा कमी सापडला नाही. ही त्यांच्या आयुष्यातली मोठी कमाई. पुढे स्वतःचं घर झालं, पण डोक्यातलं क्वार्टर काही सुटलं नाही.

त्यांचा एकच नियम होता. "भिंतीला लागलेलं ते घराचं, सुटं ते माणसाचं." पुढच्या खोलीत साधा लाकडी क्रूस टांगलेला होता. तो त्यांनी आमच्यासमोर उतरवून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "क्रूस माझा, खिळा तुमचा. रेकॉर्डवर असू द्या."

'रेकॉर्डवर असू द्या' हे त्यांचं पालुपद. एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला घराचा रीतसर चार्ज दिला. यादी टाइप केलेली, तीन प्रतींत. आम्ही दोघं त्यांच्या मागून खोल्याखोल्यांतून फिरत होतो आणि ते वाचत होते. "अनुक्रमांक चार. पंखा, छताचा. दोनवर कुरकुरतो, तीनवर गप्प बसतो. रेकॉर्डवर असू द्या. करा सही."

स्वयंपाकघराच्याच चौदा नोंदी होत्या. "ओट्याचा डावा कोपरा किंचित उतरता. पोळपाट तिथे ठेवू नका मॅडम, सरकतो. हा नळ अर्धाच फिरवायचा, पूर्ण फिरवला की अंगावर उडतो." मी थक्कच झाले. आमच्या घरात विनयला काडेपेटी कुठे असते ते विचारावं लागतं. काकूंनी सांगितलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"अनुक्रमांक त्रेचाळीस," काका म्हणाले आणि घसा खाकरला. "कॉल बेल, अंतर्गत. बटण बेडरूममध्ये, घंटी इथे." मग पुन्हा खाकरले आणि घाईघाईने चव्वेचाळीसवर गेले. मी वर पाहिलं. गॅसच्या बरोबर वर एक वाटोळी, जाडजूड लोखंडी घंटी. शिपायाला बोलवायला साहेब लोकांच्या खोलीबाहेर असायची ना, तसलीच. जुन्या सामानाच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती, आणि अर्थातच पावती यादीला जोडलेली होती.

काकू दिसल्या नाहीत. "ती मुलीकडे, गुडगावला. आता आम्ही तिथेच राहणार. तब्येत जरा..." एवढं बोलून त्यांनी घड्याळ पाहिलं. "चलो, निघतो. साहेब वाट बघत असतील."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला माणूस, आणि अजून साहेबाची धास्ती!

त्याच संध्याकाळी मी चहा टाकत होते आणि विनय आतल्या खोलीत लोळत पडला होता. गंमत म्हणून त्याने उशाजवळचं ते काळं बटण दाबलं. माझ्या डोक्यावर अशी काही खणखण झाली की हातातलं दूध ओट्यावर सांडलं. "एक चहा!" आतून आवाज आला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. विनयवर नव्हे, काकांवर. म्हणजे हे असं होतं तर! हा गृहस्थ पलंगावर लोळत बटण दाबणार, आणि ती बिचारी आजारी बाई चहाचा कप घेऊन धावणार. आयुष्यभर दुसऱ्याच्या घंटीला पळाला, त्याचा सूड बायकोवर! त्या दिवसापासून घरात मी त्यांना 'घंटीवाले साहेब' म्हणू लागले. माझं एकदा मत झालं की झालं. विनय म्हणतो, ते सुप्रीम कोर्टातसुद्धा बदलत नाही.

आणि काका काही आमचा पिच्छा सोडेनात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी गुडगावहून दोन बसेस बदलून यायचे, कापडी पिशवीत टेस्टर आणि पेचकस घेऊन. "निरीक्षण," म्हणायचे. पंखा एकदा दोनवर लावून त्याची कुरकुर ऐकायचे. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हळूच विचारायचे, "त्रेचाळीस वाजते ना?"

"आम्ही नाही वाजवत," मी फटकन म्हणायची. "आमच्या घरात कुणी साहेब नाही."

ते हसायचे. म्हणायचे, "खरं आहे. या घरात साहेब एकच." आणि पुन्हा घड्याळ बघून निघायचे. निर्लज्जपणाची कमाल आहे, असं मला वाटायचं.

दिवाळीआधी रंगकाम काढलं तेव्हा मी सगळ्यात आधी ती घंटी उतरवून घेतली, बटणासकट. "दे भंगारात," विनयला सांगितलं आणि विसरून गेले.

पुढच्या शनिवारी काका आले. ओट्याच्या वर नुसता वाटोळा डाग बघून दारातच थांबले.

"त्रेचाळीस?"

"भंगारात गेली," मी म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण बोलताना मला बरं वाटलं.

तेवढ्यात गॅसवरचा चहा उतू जायला लागला तसे काका सवयीने पुढे आले, न बघता सांडशी उचलली, पातेलं उतरवलं, फडका घेऊन ओटा पुसला, नळ अर्धाच फिरवून फडका पिळला आणि जागेवर वाळत घातला. ओट्याशी वावरायची सवय असलेल्या माणसाचे ते हात होते. मी बघतच राहिले.

"काका, इथे स्वयंपाक कोण करायचं?"

"मीच. चार वर्षं." ते स्टुलावर बसले. "हिची, सुलूची, उजवी बाजू गेली, वाचा पण गेली. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालतं. तिने बटण दाबायचं, मी जायचं. पाणी पाहिजे, पंखा नको. कधी कधी काहीच नको, नुसता ये. मी पोळी तव्यावर सोडून पळायचो. 'आलो, साहेबांचं बोलावणं आलं!' असं ओरडलं की ती हसायची."

मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. "मग नेली का नाहीत ती?"

"भिंतीला होती ना," ते म्हणाले, जणू मीच वेड्यासारखं विचारत होते. "यादी करताना हात चालत गेला. टाइप झाल्यावर ध्यानात आलं. पण रेकॉर्डवर गेलं ते गेलं, मग तुमची सहीही झाली. नवीन दोन आणल्या, पण बटणं कडक. ते जुनं बटण वापरून वापरून सैल झालेलं, नुसतं बोट टेकलं तरी वाजायचं. आता ती दाबतच नाही. पडून राहते गप्प. मी बाहेरच्या खोलीत कान लावून बसतो, पण साहेब बोलवत नाहीत."

मी उठले ती थेट बाल्कनीत. रद्दीचा ढीग सकाळीच कबाड्याने नेलेला. रंगाचे डबे हलवले, पोती उपसली, कूलर ओढला. माझी ती धांदल बघून विनय आतून आला आणि शांतपणे म्हणाला, "घंटी शोधतेस का? माळ्यावर आहे. चांगली वस्तू कोण फेकतं?" माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदाच मी या माणसाच्या काही न फेकण्याच्या सवयीला मनापासून दुवा दिला.

पण काका घंटीला हात लावेनात. "नाही मॅडम. ती तुमच्या चार्जमध्ये आहे."

मग मीही काही कमी नाही. चौदा वर्षं सरकारी फायली ढकलल्यात. कोरा कागद घेतला आणि लिहिलं: "अनुक्रमांक ४३ ही वस्तू सदर घराच्या गरजेपेक्षा जास्त आढळली आहे. सबब ती बटणासह मूळ कार्यालयास परत करण्यात येत आहे." खाली सही केली, विनयचीही घेतली.

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "तारीख राहिली," म्हणाले. मी तारीख घातली. मग त्यांनी कागदाची घडी खिशात ठेवली, घंटी दोन्ही हातांनी उचलून पिशवीत घातली आणि पंखा न तपासता निघाले. त्या दिवशी बससाठी ते चक्क धावत गेले.

मंगळवारी फोन आला. "मॅडम, उजागरे बोलतोय. त्रेचाळीस बसवली. वर्किंग कंडिशन बिल्कुल..."

मागे खणखण झाली. काका थांबले. मग पुन्हा झाली, या वेळी लांबलचक.

"ठेवतो मॅडम, साहेबांचं बोलावणं आलं!"

पण फोन नीट ठेवलाच नव्हता त्यांनी. मला चपलांची फटफट लांब जाताना ऐकू येत होती आणि घंटी वाजतच होती. मी रिसीव्हर कानाला धरून तशीच उभी राहिले, ती वाजायची थांबेपर्यंत.