तीन नंबरच्या खोलीतला सडका नग

माझ्या नाकाच्या तोडीचं नाक अजून कुणाच्या तोंडावर उगवलेलं नाही! हे मी म्हणत नाही, आमच्या सफरचंदांच्या गोदामातले हमाल म्हणतात. पस्तीस वर्षं मी तिथे एकच काम केलं. थंड खोलीत शिरायचं, पेट्यांच्या रांगांमधून फिरायचं, वास घ्यायचा आणि बोट दाखवायचं. "ही उघडा. खालचा थर, भिंतीकडची बाजू." पेटी उघडली की सडलेला नग तिथेच बसलेला! तो वेळेवर काढला नाही, तर बघता बघता अख्खी खोली हातची जाते. म्हणून मला सगळे नाकाजी म्हणतात. माझं खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागतं.

मग जुने मालक गेले आणि त्यांची मुलगी गादीवर बसली. तिने एक मशीन मागवलं. पांढरा डबा, पुढे नळी, वर लाल दिवा. सडक्या फळाचा वास आला की म्हणे ते किंचाळतं!

"नाकाजी, पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तीन नंबरच्या खोलीत तुमची आणि मशीनची परीक्षा," ती म्हणाली. "जो जिंकेल तो इथे राहील. हरेल तो घरी."

"मशीनला घर कुठंय?" मी विचारलं.

"तुम्हाला आहे ना!"

नाकाची मला काळजी नव्हती. काळजी होती पोटाची. पेट्यांच्या दोन रांगांमध्ये जागा हातभर, आणि माझं पोट त्याच्या दुप्पट. मागे एकदा मी असा रुतलो होतो, की हमालांनी आधी पेट्या बाहेर काढल्या आणि मग मला. म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, आठवड्याला एक सुई पोटात टोचायला दिली आणि सोबतचा कागद नीट वाचायला सांगितलं.

अक्षरं मी पन्नाशीनंतर सूनबाईकडून शिकलो. त्यामुळे बोट ठेवून वाचतो, पण वाचतो! 'भूक कमी होईल' इथपर्यंत आलो, फार आनंद झाला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मागची बाजू राहिली ती राहिलीच.

आणि काय सांगू, चमत्कार! ज्या ताटासाठी मी घरात भांडणं केली, ते ताट समोर आलं की पोट म्हणायचं, "झालं माझं!" दिवसभरात चार घास. तिसऱ्या आठवड्यात विजार हातात धरून चालायची वेळ आली.

त्यानंतर दुसरा चमत्कार सुरू झाला. एका सकाळी डोळा उघडतो तो सडक्या सफरचंदाचा वास! घरात, उशीजवळ! मी गादी उलटली, कपाट ओढलं. फळ नाही.

"सूनबाई, नखांचा रंग पुसायचं औषध सांडलं का गं कुठे?"

"बाबा, माझी नखं बघा! भांडी घासून घासून उरलीत का रंगवायला?"

न्हाव्याकडे गेलो, तिथेही तोच वास. बिचाऱ्याने सगळे खण उपसले. बसमध्ये तोच वास. दवाखान्याच्या दारात तोच वास. मी थक्क झालो! म्हणजे सुई टोचली पोटात आणि तेज चढलं नाकात! गावभर कुठे कुठे फळ सडतंय, ते मला बसल्या जागी कळायला लागलं होतं!

बायकोला हे सांगितलं. ती खिडकीशी तोंड करून झोपली होती.

"अहो, अंघोळ केलीत का?"

"दोनदा!"

"मग तिसऱ्यांदा करा."

मत्सर, दुसरं काय!

शुक्रवारी तीन नंबरच्या खोलीपुढे सगळं गोदाम जमलं. मालकीणबाई, हमाल, आणि इस्त्रीच्या शर्टात मशीनवाला. मी आत शिरलो. रांगेतून लोण्यातल्या सुरीसारखा गेलो! पहिल्याच पेटीशी वास.

"ही उघडा!"

उघडली. सगळे नग टणक.

"मग ही! नाही, हीसुद्धा!"

दुसरी उघडली, दहावी उघडली, साठावी उघडली. हमालांच्या मुकादमाने कपाळ पुसलं. "नाकाजी, वासावर जाताय का आकड्यावर?"

वास तर समोर उभा होता, आणि फळ एकही नाही! पस्तीस वर्षांत नाक पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोललं होतं. घरी बसून मी काय करणार? बायकोच्या डब्यांचे वास घेणार?

"आता आमचं बघा," मशीनवाला म्हणाला आणि डबा घेऊन आत आला. मशीन पहिल्या पेटीशी किंचाळलं. दुसरीशी किंचाळलं. रिकाम्या भिंतीशीसुद्धा किंचाळलं!

"दोघंही घरी जा!" मालकीणबाई कडाडल्या.

मी पाणी प्यायला बाहेर गेलो. मशीन गप्प. परत आलो. मशीनने टाहो फोडला. पुन्हा बाहेर, गप्प. आत, टाहो! मशीनवाला हळूहळू वळला आणि त्याने नळी माझ्या तोंडापुढे धरली.

"आजोबा, फुंका."

मी फुंकलं. लाल दिवा असा पेटला, की मागचे दोन हमाल पळाले.

मुकादम पुढे आला. त्याने माझ्या मानेजवळ नाक नेलं, डोळे मिटले. "अगदी खालच्या थरातला," तो भक्तिभावाने म्हणाला.

मग ओळ लागली! एकेक जण येऊन हुंगून जाई आणि मान डोलवी. सर्वांत शेवटी मालकीणबाई.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी रक्त-लघवी तपासली आणि मला फैलावर घेतलं. "चार घासांवर जगताय? पोटात काही जात नाही म्हणून शरीर स्वतःचीच चरबी जाळतंय. श्वासाला, घामाला वास येतोय तो त्याचा! कागदाची मागची बाजू वाचलीत का?"

मी ऐकतच राहिलो. काय यंत्र आहे हो हे शरीर! आयुष्यभर मी ज्या वासाच्या मागे फिरलो, तोच ते आतल्या आत शिजवत होतं!

मालकीणबाईंचा राग उतरला. "खोलीत एकच सडका नग होता आणि दोघांनाही त्याचा वास आला. निकाल बरोबरीत," त्या म्हणाल्या. पण काम मशीनलाच दिलं. मला एवढंच ठेवलं, की रोज सकाळी नळीत फुंकायचं. दिवा लागला तर मशीन ठीक. माझा वास आहे तोवर माझी नोकरी!

इकडे डॉक्टरीणबाईंचा हुकूम निघाला, वेळेवर जेवा आणि पाणी प्या. सूनबाई हातात डबा देऊन दारापर्यंत येऊ लागली. बायको पुन्हा माझ्याकडे तोंड करून झोपू लागली.

गेल्या सोमवारी मी फुंकलं. दिवा लागला नाही. पुन्हा फुंकलं. नाहीच.

"मशीन बिघडलं!" मालकीणबाई म्हणाल्या. मशीनवाल्याने डबा उचलला आणि दुरुस्तीला नेला. "नाकाजी, तो परत येईपर्यंत तुम्हीच बघा खोल्या."

खरं काय ते मी त्यांना तिथल्या तिथे सांगणार होतो. अगदी शपथेवर! पण काय करता, तोंडात घास होता.