एका छपराखाली दोन कॉप्या

आमचे नागनाथअप्पा दर गुरुवारी जेवणाचा डबा घेऊन लातूरहून अहमदपूरच्या एसटीत बसतात. डब्यात भाकरी नसते, हार्डडिस्क असते. आमच्या दवाखान्याचे संगणक अप्पा सांभाळतात आणि माझं डोकं उठवतात.

संगणकावर पेशंटची जी जी नोंद होते, तिची क्रमवार टिपणं मागे आपोआप साठतात. त्यांना लॉग म्हणतात. मशीन बंद पडलं तर त्यांवरून सगळं पुन्हा उभं करता येतं, पण मधली एक फाइल गेली की पुढच्या फुकट. हे अप्पांनी इतक्यांदा ऐकवलंय, की मला पाठ झालंय.

आधी अहमदपूरच्या शाखेत कॉपी पोचली पाहिजे, तिथे उघडून वाचली पाहिजे, मगच इथले जुने लॉग पुसायचे, हा त्यांचा हट्ट. नेटवर भरवसा नाही. "एका छपराखाली दोन कॉप्या म्हंजी एकच कॉपी," हे ठरलेलं वाक्य.

गेल्या महिन्यात एका बुधवारी लॉगनी डिस्क भरली आणि नोंदणीच थांबली. समोर रांग, तापाने फणफणलेली लेकरं, आणि खिडकीत बोलणी खायला मी एकटी. म्हटलं, अप्पा, थोडे जुने पुसा. अप्पांनी शांतपणे कॉपी काढली, डब्यात घातली आणि स्टँड गाठलं! तीन तासांनी फोन आला, "फायली उघडून वाचल्या. आता पुसा." तोवर मी हाताने चिठ्ठ्या लिहीत त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. याला काम म्हणायचं की छळ?

पुढच्या गुरुवारी मलाही शाखेत काम निघालं. येताना एसटीत मी मनसोक्त भांडले. दवाखान्यातच कॉपी ठेवायला दुसरं कपाट घेतलं तर काय बिघडतं?

अप्पा बाहेर बघत म्हणाले, "शकूचे दोन फोटो व्हते. धाकटी बहीण माझी. एक भिंतीवर, एक पेटीत. भूकंपात दगडाचं घर बसलं. शकूबी गेली, दोन्ही फोटोबी गेले." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "आता हितं एकच कॉपी हाय. तीबी पुसट व्हायलीय."

मला माझ्याच तोंडाची लाज वाटली. मी विचारलं, शकूचं नाक कसं होतं?

लातूर येईपर्यंत अप्पा सांगत होते. नाक बसकं. डाव्या भुवईवर वण. हसताना तोंडावर हात. एकाच वेणीला रिबीन, दुसरी कायम हरवलेली.

स्टँडवर उतरल्यावर त्यांनी डबा काखेत मारला आणि मला थांबवलं.

"आता तुमी सांगा."

मी नाकापासून सांगायला घेतलं.