नाक आत घ्या!

आमच्या नाटकाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांना ढोककाकांनी दारातच अडवलं. पाहुण्यांच्या तोंडावर मास्क होता, पण नाक बाहेर. काका रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. हात आडवा करून म्हणाले, "साहेब, गाडी लागली, पण एक डबा प्लॅटफॉर्मच्या बाहेरच राहून गेला. नाक आत घ्या!"

पाहुण्यांचा शहराबाहेर, सिलतऱ्याला कारखाना. स्टेजचा नवा पडदा त्यांनीच दिलेला. मंडळाच्या अध्यक्षांना घाम फुटला. पाहुण्यांनी मात्र मुकाट्यानं नाक आत घेतलं.

करोनाची लाट ओसरून नाट्यगृहं उघडली, तेव्हा दारावर उभं राहायला कोणी तयार होईना. काकांनी ते काम मागून घेतलं. एकावर एक दोन मास्क आणि हातात टॉर्च. नाटक चालू असताना कुणाचं नाक उघडं पडलं, की झोत बरोब्बर त्याच नाकावर.

"अंकल, दम घुटता है," एक पोट्टी मास्क खाली ओढून कुरकुरली.

"बाहर बहोत हवा है बेटा. तिकीट बी नाही लागत."

एकदा एका गृहस्थानं मास्क टाळायला नामी युक्ती काढली. चण्याची पुडी हातात धरायची आणि दर पाच मिनिटांनी एक चणा तोंडात टाकायचा. काका त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "खाऊन घ्या सावकाश. मी उभाच आहो." त्या बिचाऱ्यानं उरलेले चणे एका घासात संपवले आणि मास्क चढवला.

काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. अध्यक्ष तावातावानं बोलत, काका शांतपणे मान हलवत आणि पुन्हा आपलं तेच, "नाक आत घ्या." पण त्यांच्या जिवावर आम्ही प्रयोग करू शकलो, हेही खरं. म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, "ढोक दारावर आहे ना? मग येतो."

पुढच्या नाटकाच्या तालमीत आमच्या दिग्दर्शिका मीनलदीदींनी ठरवलं, की नटांनीही मास्क लावूनच काम करायचं. आम्ही तसे स्टेजवर उभे राहिलो. पहिल्या रांगेतून काका ताडकन उठले. "हे काहून लावले? स्टेजवर नाही जमणार हे!"

आम्ही थक्क. मी कारण सांगू लागलो. काका माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. "काय म्हणतो?" मी जोरात सांगितलं. "काय म्हणतो रे?" शेवटी मी स्टेजच्या पार मागं गेलो, मास्क काढला आणि सावकाश बोललो. त्यांना लगेच समजलं.

ते खाली बसले. "मले ऐकू येत नाही बाप्पा. कानात मशीन लावली तर नुसता गलका होते. ओठ पाहून समजतो मी. आता दुकानात, दवाखान्यात, सगळ्यायचे ओठ झाकलेले. घरी तुही काकू होती, ते बी गेली. माणसं बोलताना दिसतात ते इथंच. म्हणून तर दारावर उभा राहतो. हे बंद पडलं तर मी कुठं जाऊ?"

मीनलदीदींनी निर्णय बदलला. प्रयोगाआधी सगळ्या नटांची तपासणी करायची, एकमेकांपासून लांब उभं राहायचं, पण चेहरे उघडे. आणि प्रत्येक वाक्य समोर बघून म्हणायचं.

त्यामुळे नवरा-बायकोच्या भांडणात मी आणि माझी नाटकातली बायको एकमेकांकडे न बघताच कडाकडा भांडलो. लोकांना ती नवी शैली वाटली.

प्रयोग संपला, हॉल रिकामा झाला. काका स्टेजखाली येऊन थांबले.

"कसं झालं काका?" मी वरूनच विचारलं.

"भांडण पुरं समजलं मले," ते म्हणाले. "लय दिवसानं घरात कोणी बोलल्यावाणी वाटलं."

मी खाली उतरलो नाही. उतरलो असतो तर मास्क लावावा लागला असता. तिथंच, मागच्या पडद्याजवळ मांडी घालून बसलो आणि त्यांच्याशी बोलत राहिलो. वांग्याच्या भाजीबद्दल, उन्हाबद्दल, आमच्या ऑफिसातल्या साहेबांबद्दल.