उलट उत्तरांची शिकवणी

ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमधले माझे शेजारी जेरोमकाका मला त्यांची भाषा शिकवतात. सहा महिने झाले. त्या भाषेत मला अजून 'पाणी' म्हणता येत नाही. 'डोकं ठिकाणावर आहे का?' हे मात्र तीन पट्ट्यांत विचारता येते.

काका रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईचे. तिथून पोर्तुगीज गेले, पण त्यांची भाषा मागे राहिली आणि मराठीशी संसार थाटून बसली. गावकरी तिला 'नो लिंग' म्हणतात. म्हणजे आपली भाषा. ती आता त्या एका गावापुरतीच उरली आहे. पत्नी रोझीकाकू गेल्यापासून काकांना ऑकलंडमध्ये ती बोलायला कोणीही नाही. मुलगी वेलिंग्टनला असते. फोनवर बापाने चार वाक्ये म्हटली, की 'स्वीट ॲज, डॅड', म्हणजे इथल्या इंग्रजीत 'मस्तच', म्हणून मोकळी होते.

मी डेटा सायन्समधली. दुर्मीळ भाषा, वक्ता शेजारी, म्हणजे शोधनिबंध निश्चित. आधी नामे, मग क्रियापदे, असा तक्ता मी घेऊन गेले. काकांनी तो चहाच्या कपाखाली सरकवला.

"नामं शिकून काय बाजार मांडायचाय? आधी उलटून बोलायला शीक."

पद्धत ठरलेली. काका त्या भाषेत काहीतरी गुरकावतात. मी नेमून दिलेले उत्तर फेकायचे. आवाज सौम्य निघाला, की नापास. "बाय, हे भांडण आहे. तू मीटिंगमधल्यासारखी बोलतेस." एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीत, दुधाच्या फ्रिजसमोर आमची उजळणी इतकी रंगली, की गल्ल्यावरच्या सरलाबेन मध्ये पडल्या आणि त्यांनी काकांनाच झापले. काका धन्य झाले. मला आइस्क्रीम मिळाले.

गेल्या रविवारी मी शिकलेल्या सगळ्या वाक्यांचे वर्गीकरण केले. निष्कर्ष विचित्र निघाला: संभाषण सुरू करणारे एकही वाक्य नाही. सगळीच उत्तरे, आणि सगळी एकाच इसमाला दिलेली. तो मोजे घालत नाही, औषध विसरतो, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो.

"काका, ही वाक्यं कोणाची?"

काका कप विसळू लागले. "रोझीची. माझी मला येतात."

तेवढ्यात ते टेबल चाचपडू लागले आणि नो लिंगमध्ये काहीतरी पुटपुटले. चष्मा कपाळावर होता. मी कमरेवर हात ठेवले आणि काकूंचे वाक्य, असेल नसेल तेवढा राग गोळा करून, म्हटले.

काकांनी चष्म्याला हात लावला नाही.

"उच्चार चुकला," ते म्हणाले. "परत म्हण."