समाधानी असल्याचा दाखला

सर्व कर्मचाऱ्यांनी तिमाहीअखेरपर्यंत स्वतःविषयी समाधानी व्हावे, असं परिपत्रक जुन्या कागदपत्रांच्या कार्यालयात सोमवारी सकाळी साडेदहा वाजता निघालं. खाली साहेबांची सही होती, सहीखाली शिक्का होता आणि शिक्क्याखाली लाल शाईत ‘अत्यंत तातडीचे’ असं लिहिलं होतं.

कारण तसंच गंभीर होतं. वरच्या कार्यालयाने एका तज्ज्ञाकडून पाहणी करवून घेतली होती. शंभरातले ब्याण्णव कर्मचारी कौतुकाचे भुकेले आहेत, असं तीत आढळलं. साहेब हसून बोलले की त्यांचा दिवस बरा जातो, नाही बोलले की फायली आठ-आठ दिवस हलत नाहीत. उरलेले आठ कर्मचारी पाहणीच्या दिवशी रजेवर होते. सबब, माणसाने आपली किंमत आपणच ओळखावी, ती बक्षिसावर, बढतीवर किंवा दुसऱ्याच्या शाबासकीवर टांगून ठेवू नये, असं ठरलं. ती तशी टांगलेली नाही याचा दाखला प्रत्येकाने त्यासाठी नेमलेल्या समितीकडून घ्यावा, असंही त्याच बैठकीत ठरलं. दाखला नसेल त्याला चालू कामावरून उचलून सहा महिन्यांच्या ‘आत्मभान प्रशिक्षणा’ला धाडण्यात येणार होतं. परत आल्यावर जुनी जागा मिळेलच याची हमी नव्हती.

तळमजल्यावरच्या बांधणीकाराने हे परिपत्रक दोनदा वाचलं आणि पुन्हा कामाला लागला. फाटकी, कुरतडलेली, पाठ मोडलेली रजिस्टरं त्याच्याकडे यायची आणि तो ती शिवून, खळ लावून, नवा पुठ्ठा चढवून परत पाठवायचा. खिडकीजवळ एक टेबल, एक दाभण, दोऱ्याची रिळं, खळीचं भांडं, एवढाच त्याचा संसार. सत्तावीस वर्षं तो तिथे बसत होता. एखादं अगदी गलितगात्र रजिस्टर आलं की गडी मनातून खूश व्हायचा. त्याला कधी कुणी शाबास म्हटलं नव्हतं, आणि तसं कुणी म्हणायला हवं होतं हेही त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

आता दाखला पहिल्यांदा अशाच माणसाला मिळायला हवा, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही कधी कार्यालयात काम केलेलं दिसत नाही.

“मला नको दाखला,” तो हेडक्लार्कला म्हणाला. “माझं आपलं बरं चाललंय.”

“तोंडी समाधान आम्ही धरत नाही, काका. अर्ज भरा.”

अर्जातला सातवा रकाना असा होता: ‘अर्जदारास मिळालेले व अर्जदारास ज्यांची पर्वा नाही असे पुरस्कार (किमान एक).’ बांधणीकाराने तिथे ‘निरंक’ लिहिलं. हेडक्लार्कने चष्मा कपाळावर चढवला.

“एकही नाही?”

“नाही.”

“मग पर्वा नाही हे कशावरून? जेवायलाच न मिळालेला माणूस सांगायला लागला की मी उपास करतोय, तर आम्ही काय समजायचं?”

हेडक्लार्कचं बोलणं अनुभवाचं होतं. त्याच्याकडे पर्वा नसलेले अकरा पुरस्कार होते. ते मावेनात म्हणून त्याने जादा कागद जोडला होता. कार्यालयातला पहिला दाखला त्यालाच मिळाला होता आणि दारातून आत येणाऱ्याला आधी तो दिसावा, मग हेडक्लार्क दिसावा, अशा बेताने त्याने तो भिंतीवर लावला होता.

बांधणीकार घरी आला तो तोंड पाडूनच. टेबल जाणार, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

“अहो, मग घेऊन टाका की एखादा पुरस्कार. सत्तावीस वर्षं केलंत तरी काय?”

“रजिस्टरं शिवली.”

“ते मला माहितीये हो. लोकांना कुठे माहितीये?”

तिने लगेच भावाला फोन लावला. बांधणीकाराचा हा मेहुणा म्हणजे मोठी असामी. पंचेचाळिशीच्या आत त्याने तीनदा जीवनगौरव पटकावला होता आणि जीवन अजून बरंच शिल्लक होतं. तो तासाभरात हजर झाला.

“भाऊजी, तुम्ही म्हणजे अगदी हे आहात,” तो म्हणाला. “पुरस्कार कुणी आपणहून देतं का? तो आपण मागायचा असतो. मागितला नव्हता, हे भाषणात सांगायचं असतं.”

मग बांधणीकाराने कार्यालयाच्या वार्षिक ‘गुणवंत’ पुरस्कारासाठी अर्ज केला. त्यासाठी कामाचा पुरावा लागत होता. त्याने हेडक्लार्कला कपाटांच्या रांगा दाखवल्या. ही सगळी रजिस्टरं मी शिवली, म्हणाला.

“नाव कुठेय तुमचं?”

“नाव कशाला घालायचं? रजिस्टर लोकांच्या जमिनींचं, जन्ममृत्यूंचं. माझं काय त्यात?”

“मग तुम्हीच शिवलीत कशावरून?”

“अहो, इथे दुसरा बांधणीकारच नाही!”

“तो झाला अंदाज. पुरावा आणा.”

शेवटी त्याने स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला आणि तीन आठवडे एकही टाका न घालता जुन्या रजिस्टरांवर तो उठवत बसला. एवढ्यानेही भागलं नाही. प्रत्येक कामाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो हवे होते. नंतरची रजिस्टरं समोर होती, आधीची कुठून आणायची? ज्यांचं ‘आधी’ उपलब्ध नाही त्यांचं ते तयार करावं, असा शेरा हेडक्लार्कने मारला. बांधणीकाराने आपल्याच हातांनी शिवलेली चाळीस धडधाकट रजिस्टरं निवडली आणि आपल्याच हातांनी टराटरा फाडली. पहिलं फाडल्यावर त्याने ते दोन्ही हातांनी पुन्हा जुळवून पाहिलं. चाळिसावं फाडताना तो फोटो काढणाऱ्याला सांगत होता की जरा या बाजूने घ्या, पाठ चांगली मोडलेली दिसत नाहीये.

समारंभ झोकात झाला. बांधणीविभागात पहिला पुरस्कार साहेबांना मिळाला, मार्गदर्शनाबद्दल. दुसरा हेडक्लार्कला, देखरेखीबद्दल. बांधणीकाराचा तिसरा आला. टाळ्या पडल्या, शाल खांद्यावर आली, फोटो निघाला. सातवा रकाना भरायला तिसरा काय आणि पहिला काय, सारखाच होता. काम फत्ते झालं होतं.

तो घरी आला. चपला काढता काढता म्हणाला, “तिसरा?”

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“अख्ख्या कार्यालयात दाभण कुठून धरायचं हे ठाऊक असलेला मी एकटा. त्या दोघांना सुईत दोरा ओवता येणार नाही. आणि मी तिसरा?”

“मिळाला ना? आता त्याची पर्वा करू नका म्हणजे झालं.”

पण तेच तर आता होईना. त्याला वाईट वाटलं होतं, लाज वाटावी इतकं वाईट वाटलं होतं. सत्तावीस वर्षं कुणी विचारलं नाही याचं त्याला काही नव्हतं, आणि आज विचारून तिसरा काढला तर घास गोड लागत नव्हता. हा कोण कुठला माणूस आपल्या अंगात शिरला, ते त्यालाच कळेना.

आठवड्याने समितीपुढे मुलाखत झाली. समोर अध्यक्षबाई आणि दोन सदस्य बसले होते.

“पुरस्कार मिळाला तेव्हा काय वाटलं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“काही नाही.”

“छान. कितवा होता?”

“तिसरा. पण बाई, एक विचारू? त्या पहिल्या दोघांनी नेमकं काय शिवलं होतं?”

तिघांनी एकदम मान खाली घालून लिहिलं. ‘अर्जदाराच्या ठायी मान्यतेची ओढ आढळली. नामंजूर.’ शेवटची संधी म्हणून आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. तोवर त्याच्या टेबलाची लांबी-रुंदी मोजून नेण्यात आली. तिथे झेरॉक्सचं मशीन बसवायचं होतं.

मेहुण्याने एव्हाना ‘निरिच्छता: चार दिवसांत’ नावाचा क्लास काढला होता आणि त्याच्या तीन तुकड्या भरल्याही होत्या. घरचा माणूस म्हणून बांधणीकाराला पहिल्या रांगेत बसवलं. तिथे ‘अहो, त्यात काय एवढं’ हे वाक्य सात प्रकारे म्हणायला शिकवत. शाल खांद्यावरून घसरू द्यायची, पण पडू द्यायची नाही, हेही शिकवत. बांधणीकाराने आरशापुढे उभं राहून तालीम केली. हाताला कसब होतंच, ते तोंडाला यायला चार दिवस पुरले.

“पुरस्कार कितवा होता?” अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं.

बांधणीकाराने खिडकीबाहेर पाहिलं. मंद हसला. “कितवा बरं… लक्षात नाही हो.”

“आनंद झाला असेल?”

“अहो, त्यात काय एवढं,” तो म्हणाला, पाचव्या प्रकाराने.

अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. एका सदस्याने उभं राहून नमस्कार केला. दाखला जागच्या जागी मंजूर झाला. वरच्या कार्यालयाच्या सूचनेनुसार समाधानी कर्मचाऱ्यांची गुणानुक्रमे यादी फलकावर लागली. हेडक्लार्कला एक्याण्णव टक्के निरिच्छता होती. बांधणीकाराला शहाण्णव. तो कार्यालयात पहिला आला.

टेबल वाचलं. दुसऱ्या दिवशी तो तिथे बसला, समोर ती चाळीस रजिस्टरं पडली होती. त्याने दाभण उचललं, एक टाका घातला आणि थांबला. उठून वर गेला, यादी अजून लागलेली आहे ना ते पाहून आला. परत बसला, दुसरा टाका घातला. तो बरा पडला होता, पण बघायला कुणी नव्हतं. हे त्याला पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. खोली एवढी रिकामी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. दाभण हातात असतानाच त्याला रडू आलं. मग त्याने अर्ज केला: माझं टेबल खिडकीजवळून हलवून दर्शनी दालनात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवावं. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. खिडकीजवळ झेरॉक्सचं मशीन आलं. चाळीस रजिस्टरं तशीच बांधून माळ्यावर टाकली, कारण दर्शनी दालनात फाटकं काही ठेवू नये असा नियम आहे.

आता हे वाचून तुम्हाला त्या माणसाची कीव आली असेल. आपण नाही बुवा त्यातले, आपल्याला कुणाच्या शाबासकीची गरज लागत नाही, असंही मनात आलं असेल. चांगली गोष्ट आहे. ही कथा चार ओळखीच्या लोकांना पाठवावी, खाली स्वतःचं एक मार्मिक वाक्य लिहावं, आणि मग कुणी काय उत्तर दिलं ते दर दहा मिनिटांनी बघावं, असंही वाटत असेल. जरूर पाठवा. उत्तरं जपून ठेवा, सातव्या रकान्यात तीही चालतात.